दूध बंद केलं तरी पित्त उठतंच: लहान मुलाला नेमकं काय बाधतंय ते शोधताना

आधी एक महत्त्वाचं सांगते. मुलाने काही खाल्ल्यावर लगेच किंवा तास-दोन तासांत अंगावर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले आणि त्याच्या जोडीला खोकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज, आवाज घोगरा होणं, उलट्या, किंवा मूल एकदम मलूल, पांढरंफटक पडणं असं काहीही दिसलं, तर पुढचं वाचत बसू नका. 108 ला फोन करा किंवा इमर्जन्सी विभाग असलेल्या जवळच्या हॉस्पिटलला निघा. पित्ताचं सिरप पाजून "बघू या पंधरा मिनिटं" असं करू नका. सिरपने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. अशा वेळचं पहिलं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, तेही मांडीत. तोवर मुलाला आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर मांडीवर बसतं धरायचं, पण उभं करून चालवायचं नाही. घोडबंदर रोडला संध्याकाळी सातला अडकणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे, त्यांनी कुठल्या हॉस्पिटलला जायचं ते आजच ठरवून ठेवा.

आता आमचं. आम्ही ऐरोलीला राहतो. माझं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या तीन दिवशी सकाळी लेकीला घेऊन ठाणे लोकल, नौपाड्यात सासूबाईंकडे तिला सोडायचं आणि पुढे रिक्षा. मागच्या पावसाळ्यात लेक वीस महिन्यांची होती. जुलैमध्ये तिला जुलाब-उलट्या झाल्या. उलट्या चार दिवसांत थांबल्या, पण पातळ शी तीन आठवडे संपेना. आणि ऑगस्टमध्ये आणखी एक भानगड सुरू झाली: मधूनच संध्याकाळी अंगावर लाल चट्टे, खाज, दोन-तीन तासांत सगळं गायब. मी ऑफिसमधून पोचेपर्यंत अंग पुन्हा स्वच्छ. फोटो असायचा फक्त सासूबाईंच्या फोनमध्ये, तोही हललेला.

घरात चार माणसं आणि पाच निदानं. नवरा म्हणाला डास. माझी आई म्हणाली उष्णता. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट. सासूबाई आणि मी मात्र एकमताने दुधावर घसरलो, कारण शी पातळ होती, चट्टे दूध प्यायल्यावरच यायचे आणि दूध बाधणारी मुलं प्रत्येकाच्या ओळखीत असतातच.

आमची चूक इथेच झाली. बिघाड दोन होते, आणि आम्ही त्यांची गोष्ट एकच बनवली.

दूध तीनदा बदललं

पातळ शीसाठी डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे दूध कमी करून दही-ताकावर ठेवायला सांगितलं. शी आठ-दहा दिवसांत जागेवर आली. झालं, आमची खात्रीच पटली की दूधच बाधतं. चट्टे थांबले नव्हते, पण आम्ही मनाशी म्हटलं, अजून थोडं दूध पोटात जातंय ना, म्हणून. मग लॅक्टोज-फ्री दूध आणलं. चट्टे आलेच. मग कोणीतरी सांगितलं म्हणून शेळीचं दूध लावलं, एक माणूस सकाळी सायकलवरून आणून द्यायचा. चट्टे आलेच.

हे दोन्ही उपाय का फसणार होते, ते मला आज कळतं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारा लॅक्टेज नावाचा पाचक घटक आतड्याच्या आतल्या अस्तरात तयार होतो. जुलाबांनी ते अस्तर सोलवटतं, लॅक्टेज कमी पडतं, साखर न पचता पुढे जाते, आणि मग गॅस, फेसाळ-आंबूस वासाची शी, ढुंगण लाल होणं हे सगळं सुरू होतं. अस्तर भरून आलं की काही आठवड्यांत दूध पुन्हा पचतं. दह्यात जिवाणूंनी साखर बरीचशी आधीच खाल्लेली असते, म्हणून दही त्या काळात चालतं. (अंगावरचं दूध मात्र कोणाच्याही सांगण्यावरून तोडू नका.) यात कुठेही त्वचेवर पित्त उठत नाही.

दुधाची ॲलर्जी वेगळी. तिथे शरीराची संरक्षण यंत्रणा दुधातल्या प्रथिनावर तुटून पडते. लॅक्टोज-फ्री दुधात प्रथिन जसंच्या तसं असतं, त्यामुळे ॲलर्जी असलेल्या मुलाला ते काडीचंही उपयोगी नाही. शेळीचं, म्हशीचं दूधही पर्याय नव्हे, त्यांची प्रथिनं गाईच्या दुधाच्या इतकी जवळची असतात की बहुतेक मुलांना तीही बाधतात. म्हणजे लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाला शेळीचं दूध देऊन फायदा नाही, कारण लॅक्टोज तिथेही आहे, आणि ॲलर्जीच्या मुलाला देऊन धोका. तरी आम्ही दिलं, आणि महिनाभर त्या सायकलवाल्याची वाट बघितली.

घड्याळ आणि दुधाच्या हिशोबाची वही

चट्ट्यांसाठी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "खाल्ल्यापासून किती मिनिटांनी?" मला सांगता येईना. "संध्याकाळी" एवढंच माहीत. त्यांनी सांगितलं, दोन आठवडे लिहून आणा, फार काही नको: किती वाजता, काय, किती, कोणी दिलं, काय झालं, किती वाजता झालं. घरात दुधाच्या हिशोबाची लांबोडी वही होती, तिच्याच मागच्या पानांवर सुरू केलं. सासूबाईंना फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं, कारण चष्मा लावून लिहिणं त्यांना नको असतं. पहिल्याच आठवड्यातलं हे, वहीत आहे तसं (वहीतली "आई" म्हणजे सासूबाई):

सोमवार, सकाळी 7.40. दूध, 150 मिली (मी). काही नाही.
सोमवार, दुपारी 12.30. मऊ भात, वरण, तूप, किसलेलं गाजर (आई). काही नाही.
सोमवार, संध्याकाळी 5.10. दूध, अर्धा कप (आई). 5.35 ला हनुवटीवर चट्टे, 5.45 ला कानामागे आणि पोटावर. खोकला नाही. 8 ला गायब.
मंगळवार, सकाळी 7.30. दूध (मी). काही नाही.
मंगळवार, संध्याकाळी 5. दूध, पूर्ण कप (मी). काही नाही.
बुधवार, संध्याकाळी 5.20. दूध, दोन घोट, मग "नको" म्हणाली (आई). 5.40 ला वरचा ओठ सुजल्यासारखा. एक उलटी.

रात्री पाळण्याशेजारी बसून हे वाचलं आणि मला स्वतःचाच राग आला. तेच दूध, त्याच पिशवीतलं, मी दिलं तर काही होत नाही. मग दूध गुन्हेगार कसं?

सासूबाईंना फोन लावला.

"आई, संध्याकाळच्या दुधात काय घालता?"

"काही नाही गं, नुसतं दूध."

"साखर?"

"छे, तूच सांगितलंस ना साखर नको म्हणून. म्हणून तर पूड घालते."

"कसली पूड?"

"घरचीच. बदाम, काजू, पिस्ते, जरासा वेलदोडा. काजू आपल्या वेंगुर्ल्याचे, बाजारचे नव्हेत."

लॅक्टोज-फ्री दुधात पूड. शेळीच्या दुधात पूड. दूध तीनदा बदललं, चमचा तोच होता.

सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी पूड हा पदार्थच नव्हे, ते दुधाला लावलेलं प्रेम आहे. म्हणून माझा सल्ला असा की "काय खाल्लं" हे विचारून भागत नाही. एकदा त्या ओट्यापाशी उभं राहून मूल खातंय ते सगळं हातात येताना बघा: चमच्याला लागलेलं, झाऱ्याने परतलेलं, डब्याच्या झाकणावरचं. पाळणाघर असेल तर तिथेही.

वहीतली आणखी एक नोंद डॉक्टरांनी बोटाने दाखवली: दोन घोट आणि "नको". इतकी लहान मुलं तोंडात खाज सुटली हे सांगू शकत नाहीत, ती नको म्हणतात, जीभ बाहेर काढून घासतात, थुंकतात. आपण त्याला नाटक म्हणतो आणि आणखी एक घोट भरवतो. आणि मग ते शांतपणे म्हणाले, बुधवारी तुम्ही हॉस्पिटलला यायला हवं होतं. ओठाची सूज आणि उलटी एकत्र आली, म्हणजे त्वचेबरोबर दुसरा अवयव आला, ते आता साधं पित्त राहिलं नाही. एवढी जागरूक वगैरे समजणारी मी, बुधवारी मी तिला वाऱ्यावर घेऊन बाल्कनीत उभी होते.

किती वेळाने झालं, यावरून वाट फुटते

हा भाग मला आधी कोणी सांगितला असता तर महिना वाचला असता, म्हणून जरा सविस्तर.

काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत, आणि दिसतंय ते गांधी उठणं, सूज, उलटी, शिंका, खोकला असं असेल तर ती झटपट उठणारी ॲलर्जी. तोच पदार्थ पोटात गेला की पुन्हा होणार, थोड्याशानेही होऊ शकतं, आणि एकदा हलकं झालं म्हणून पुढच्या वेळी हलकंच होईल याची हमी नाही. हिच्या यादीत दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, काजू-पिस्ता-अक्रोड, तीळ, सोयाबीन, मासे, कोळंबी हे नेहमीचे. आपल्याकडे हरभऱ्याची म्हणजे बेसनाची आणि इतर डाळींची ॲलर्जीही दिसते, त्यामुळे "डाळ कशी बाधेल" म्हणून ती वगळू नका. घरी "पुन्हा देऊन बघू" हा प्रयोग या प्रकारात कधीही करायचा नाही.

एक ते चार तासांनी मूल एकापाठोपाठ एक उलट्या करतं, पांढरं पडतं, गळून जातं, पण अंगावर एकही चट्टा नाही: हा वेगळा प्रकार, आणि तो बहुधा "बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल" यात वाहून जातो. दूध, सोया, ओट्स याने होतो तसाच तो भातानेही होतो. पेज हे आपलं पहिलं अन्न, तिच्यावर कोण संशय घेणार? दोनदा-तीनदा तोच पदार्थ, तेवढ्याच वेळाने, तशाच उलट्या, असं दिसलं तर डॉक्टरांना वेळेसकट सांगा. मूल गळून गेलं असेल तर थेट हॉस्पिटल, यात अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं.

काही तास ते दोन-तीन दिवसांनी पोटाचं बिघडणं, शीत रक्त किंवा शेंबूड, अंगावरचा इसब चिघळणं, ही सावकाश येणारी. इथे घड्याळ कामाचं नाही, वहीची पानं मागे उलटावी लागतात.

आणि जे महिनोन्महिने चालतं: पोट फुगलेलं, शी मोठ्ठी, पांढरट आणि घाण वासाची, वजनाचा काटा अडकलेला, मूल चिडचिडं. यात गव्हातल्या ग्लूटेनचा सिलिॲक हा आजार असू शकतो, तो बहुधा गहू सुरू झाल्यावर काही महिन्यांनी डोकं वर काढतो. इथे एक चूक फार जण करतात, ती अशी की पोळी बंद करून बघतात, मूल सुधारतं, मग तपासणीला जातात. टीटीजी ही रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करायची असते, गहू सोडल्यावर ती खोटं निगेटिव्ह दाखवू शकते. म्हणून आधी तपासणी, मग पोळी बंद.

उलट, दीड-दोन वर्षांचं मूल दिवसातून तीन-चारदा पातळ शी करतं, त्यात मटार आणि गाजर जसेच्या तसे दिसतात, पण खेळतंय, वजन वाढतंय, रात्री शांत झोपतंय, तर बहुतेकदा काहीही बिघडलेलं नसतं. ज्यूस बंद करा आणि जेवणातलं तूप-तेल कमी करू नका, एवढं पुष्कळदा पुरतं. लसीकरणाच्या कार्डावर वजनाचा जो आलेख असतो, तो अशा वेळी दहा नातेवाइकांपेक्षा जास्त खरं बोलतो.

ॲलर्जी नसलेले सोंगाडे

नवऱ्याचे डास अगदीच चूक नव्हते. पावसाळ्यात खाडीकाठच्या आमच्या भागात डास चावून हातापायांवर जे पुळीसारखे फोड येतात ते दिवसचे दिवस राहतात, आणि मधोमध चाव्याचा ठिपका दिसतो. ॲलर्जीचं पित्त जागा बदलतं, एक चट्टा चोवीस तासही एका जागी टिकत नाही. पेनाने कडेकडेने रेघ मारून ठेवा, दोन तासांनी बघा.

लहान मुलांना पित्त उठण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण खाणं नसून सर्दी-तापाचा विषाणू असतो. तेव्हा नुकताच ताप येऊन गेला असेल आणि चट्टे दिवसातून कधीही, खाण्याचा काही संबंध नसताना उठत असतील, तर त्या दिवशी खाल्लेल्या अंड्याला जन्मठेप देऊ नका.

टोमॅटो, लिंबू, संत्रं खाऊन फक्त तोंडाभोवती लाली येते, ती बहुतेकदा आंबट रसाने कातडी चुरचुरल्याची. आंब्याच्या सालीतल्या चिकाने ओठ-हनुवटीवर फोड येतात, तो कातडीला चीक लागल्याचा त्रास, आंबा खाण्याची ॲलर्जी नव्हे. खाण्याआधी तोंडाभोवती तूप किंवा व्हॅसलीन लावलं तर कळतं.

बांगड्याची गोष्ट मला फार उशिरा कळली. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवून, तळून जात नाही. असा मासा खाल्ला की घरातल्या दोघा-तिघांना एकदमच चेहरा लाल, डोकं जड, अंगावर पित्त. ही माशाची ॲलर्जी नव्हे, मासा खराब होता. फक्त मुलालाच झालं आणि ताज्या माशानेही पुन्हा झालं, तर मग ॲलर्जीचा विचार. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाला तर जवळा-सुकट भाजतानाच्या वाफेनेही त्रास होऊ शकतो, आणि सुकट भाजलेली आख्ख्या मजल्याला कळते.

तपासणी: कुठली, कधी

सोसायटीच्या ग्रुपवर एकीने लगेच लिंक टाकली: घरी येऊन रक्त नेतात, दोनशे पदार्थांचा रिपोर्ट, सवलत आजच्यापुरती. आम्ही पैसे भरणारच होतो. डॉक्टरांनी अडवलं. अशा पॅकेजांत बरेचदा रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात, आणि आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. रोज खाल्लेल्या तांदूळ-दुधावर लाल शेरा येतो आणि घाबरलेले आईबाप मुलाच्या ताटातलं अर्धं अन्न काढून टाकतात. केसांवरून ॲलर्जी सांगणारेही आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

झटपट ॲलर्जीसाठी कामाच्या तपासण्या दोन: त्वचेवर थेंब टाकून हलकेच टोचतात ती स्किन प्रिक, आणि रक्तातलं त्या-त्या पदार्थाचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड. दोन्ही, ज्याचा संशय आहे तेवढ्यासाठीच. आणि शंका उरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हॉस्पिटलमध्ये, थोडं थोडं वाढवत प्रत्यक्ष खाऊ घालून बघतात. हीच सगळ्यात पक्की परीक्षा.

आमची स्किन प्रिक एकदा फुकट गेली. आदल्या दिवशी मी तिला खाजेचं सिरप दिलं होतं. ही औषधं साधारण पाच ते सात दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागतात, नाहीतर टेस्ट काही दाखवतच नाही. पुढच्या खेपेला काजू आणि पिस्ता दोन्ही मोठे उठले, बदाम शून्य, आणि हरभरा किंचित. हरभरा बघून मी घाबरले. डॉक्टरांनी विचारलं, "पिठलं खाते का?" खाते, बोटं चाटून खाते. "मग खाऊ दे." टेस्ट पॉझिटिव्ह आणि त्रास नाही, तर त्याला ॲलर्जी म्हणत नाहीत. उगाच बंद केलेला पदार्थ पुढे खरंच बाधायला लागू शकतो, असंही ते म्हणाले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या लीप अभ्यासात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली होती. आमच्या पिढीला नेमकं उलटं सांगितलं गेलं होतं.

बंद करायचं तर कसं

ज्या पदार्थाने सावकाश त्रास होतोय असा संशय आहे, तो एकच पदार्थ, दोन ते चार आठवडे पूर्ण बंद. मग डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू. बंद केल्यावर थांबलं आणि सुरू केल्यावर परत आलं, तरच तो दोषी. पुष्कळ जण पहिल्या टप्प्यावरच थांबतात आणि मूल वर्षानुवर्षं विनाकारण पथ्यावर राहतं. एकदम दूध, गहू, अंडं, दाणे बंद केले तर काही कळत नाही, नुसतं वजन घटतं.

दूध खरंच बंद करावं लागलं तर कॅल्शियमचं गणित मांडा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलीग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलीग्रॅम असतं, पण त्या वयाचं पोट शंभर ग्रॅम नाचणी खात नाही, दोन चमचे सत्त्वाची लापशी खातं. म्हणून दूध बंद असलेल्या मुलाला पर्याय काय द्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तुपातही दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो, हे लक्षात असू द्या.

आणि लपलेल्या जागा. पाकिटावर "मिल्क सॉलिड्स", "व्हे", "केसीन" म्हणजे दूधच. रवा, शेवया म्हणजे गहूच, हे शहाण्यासुरत्या माणसांच्याही लक्षात राहत नाही. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो, आणि बाजारच्या खड्याच्या-पुडीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे सिलिॲकच्या मुलाला वरणाची फोडणीसुद्धा नडते. दाण्याचं कूट तर आपण कोशिंबिरीत, भाजीत, आमटीत मीठ टाकावं तसं टाकतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या लेबल नियमांत दूध, अंडं, ग्लूटेनवाली धान्यं, शेंगदाणे आणि काजू-बदाम वर्ग, सोया, मासे, कोळंबी-खेकडे यांची नावं स्पष्ट द्यावी लागतात, पण तीळ, हरभरा, मोहरी त्या यादीत नाहीत, ती घटकांच्या बारीक अक्षरांत शोधावी लागतात. सुट्या फरसाणाला आणि घरगुती पुडीला तर लेबलच नसतं.

आमच्याकडे काजू-पिस्ता बंद म्हणजे शिऱ्यावरचे तुकडे, हॉटेलातली पांढरी ग्रेव्ही, काजूकतली, पिस्त्याचं आईस्क्रीम, खिरापत, मोदकाचं सारण हे सगळं तपासून. श्रीखंडातल्या चारोळीबद्दलही डॉक्टरांना विचारलं. काजू, पिस्ता, चारोळी, आंबा हे एकाच कुळातले. आंबा ती पोटभर खाते आणि खाऊ दे म्हणाले, चारोळी मात्र त्यांच्याकडे तपासल्याशिवाय नको. बदाम चालतो, पण पूड करून. अख्खा सुका मेवा या वयात तसाही घशात अडकतो.

ॲड्रेनॅलिन लिहून दिलंय, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं ते नवऱ्याला, मला आणि सासूबाईंनाही दाखवलं. मात्रा वजनावर असते, त्यामुळे दर वेळी वजन करून घेतो. वर्षभराने पुन्हा तपासणी आहे. दूध-अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची मोठेपणी जाते, काजूच्या बाबतीत तेवढी आशा धरू नका असं सांगितलंय.

कोजागिरीला नौपाड्यात दोन पातेली चढली. छोट्यात नुसतं दूध, केशर, वेलदोडा. सासूबाईंनी मिक्सरचं जुनं भांडं कामवाल्या ताईंना देऊन टाकलं आणि नवीन आणलं, मी सांगितलं नव्हतं. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होईल. तिथल्या ताईंना द्यायचा कागद सध्या सासूबाईंच्याच फ्रिजवर चिकटवलाय:

"काजू, पिस्ता नको. चव म्हणूनही नको. वाढदिवसाचा केक, मिठाई, पेढा: आधी आईला फोन. तिने 'नको' म्हटलं की आग्रह नाही. चट्टे आणि खोकला किंवा उलटी: निळ्या पिशवीतलं इंजेक्शन मांडीत, मग 108, मग आम्हाला फोन."

खाली सासूबाईंनी पेनाने भर घातली आहे: "पुडीला पण पदार्थच म्हणतात."